कुठल्या भाषा येतात, कुठली शिकायची राहिलीय?

मी मूळची साक्रीची. घरी अहिराणी, शाळेत मराठी आणि आता सुरतेत राहायला असल्यामुळे गुजराती. ती मी भाजीबाजारात आणि शेजारणींच्या ओट्यावर शिकले, आता पेपरही वाचते. तमिळ शिकायची फार इच्छा आहे. तुमचं सांगा. नुसती यादी नको, कुठली भाषा कशी आली तेही लिहा. आणि बोली आधी लिहा. घरात बोलतो तिला भाषा म्हणायला आपली माणसं उगाच संकोचतात, याचं मला खरंच वाईट वाटतं.

धारणी, मेळघाट

मी अकोल्याकडचा, वऱ्हाडी बोलणारा. इथल्या जिल्हा परिषद शाळेत पहिलीला शिकवतो. वर्गात येणारी बहुतेक मुलं घरी कोरकूच बोलतात आणि पुस्तक मराठीत. कोरकू ना मराठीच्या कुळातली, ना गोंडीच्या. तिचं नातं थेट झारखंडकडच्या मुंडारी-संथाळीशी आहे, त्यामुळे अंदाजाने काहीही कळत नाही. मी मुलांकडूनच शिकलो. पाण्याला 'डा' म्हणतात इथपासून सुरुवात. या भाषेत संस्कृतसारखं द्विवचन आहे. दोघांसाठी एक रूप, दोनाहून जास्त असतील तर दुसरं. सहा वर्षांचं पोरगं ते बिनचूक वापरतं. त्याला 'काही येत नाही' असा शेरा कोणी मारला की माझा जीव तुटतो. आता जूनपासून दिवाळीपर्यंत वर्गात कोरकूच जास्त चालते, मराठी मागून येते आणि छान येते. मूल पहिल्या दिवसापासून बोललं पाहिजे, भाषा कुठली का असेना. बदली होऊन इकडे येणाऱ्या प्रत्येक शिक्षकाला रुजू होण्याआधीच कोरकूचं प्रशिक्षण मिळायला हवं. पुढे म्हाताऱ्या माणसांकडच्या कोरकू गोष्टी लिहून काढायच्या आहेत.

मडगाव

माहेर बेळगाव, त्यामुळे मराठी आणि कन्नड दोन्ही कधी आल्या ते आठवतच नाही. कोंकणी इथे आल्यावर. बोलते व्यवस्थित, पण रोमी (म्हणजे रोमन) लिपीतली अजून सावकाश वाचते. तियात्र म्हणजे इथली कोंकणी नाटकं, त्यांच्या जाहिराती वाचून सराव चालू आहे.

पुणे

मराठी, हिंदी, इंग्रजी आणि जपानी. कंपनीचं काम जपानी ग्राहकांचं, म्हणून सुरुवात केली आणि गोडी लागली. मराठी माणसाला जपानी वाक्य परकं वाटत नाही: क्रियापद शेवटी, प्रत्यय नामाच्या मागे, मान देऊन बोलायची रीतही ओळखीची. खरी मेहनत कांजीची, म्हणजे चिनीतून आलेल्या चिन्हांची. नेहमीच्या वापरासाठी ठरवलेली चिन्हंच 2136 आहेत आणि एकेकाचे दोन-तीन उच्चार. डिसेंबरमध्ये एन-थ्री ही जपानीची परीक्षा देणार आहे.

चेन्नई

आम्ही तंजावरचे मराठी. व्यंकोजीराजांनी तिकडे 1676 च्या सुमारास राज्य उभं केलं, त्या काळात दक्षिणेत आलेल्या घरांपैकी आमचं एक. राज्य 1855 मध्ये संपलं, मराठी घरात राहिली. घरी मराठी, दारात तमिळ, शाळेत इंग्रजी. माझ्या आजीची पदार्थांची वही आहे: भाषा मराठी, लिपी तमिळ. तमिळमध्ये क, ख, ग, घ यांना एकच अक्षर, त्यामुळे ती वही ज्याला आमची मराठी येते त्यालाच नीट वाचता येते. तंजावरच्या बृहदीश्वराच्या देवळात भोसले घराण्याचा इतिहास मराठीत कोरलेला आहे, सरफोजीराजांच्या वेळचा, 1803 सालचा. लहानपणी त्याच्यासमोरून कितीदा गेले, पण एक अक्षर कळत नसे. नोकरी सुटल्यावर देवनागरी शिकले. यंदा तिथे जाऊन काही ओळी वाचल्या, आणि शेजारी उभ्या असलेल्या नातवाला वाचून दाखवल्या. आता पुस्तकी मराठी लिहायला शिकते आहे.

— साक्रीकडून: ताई, तुमचा अनुभव दोनदा वाचला. मला तमिळ शिकवाल का? लिहिलेल्या मराठीला मी मदत करीन, आणि हवी तर अहिराणीही शिकवीन.

— चेन्नईहून: नक्की. अहिराणीसकट!

नाशिक

माझ्या मुलाला जन्मापासून ऐकू येत नाही. त्याच्यासाठी आम्ही सगळ्या घराने भारतीय सांकेतिक भाषा शिकली, आजोबांनीसुद्धा. ही हातांनी बोललेली मराठी नव्हे, हिला स्वतःचं व्याकरण आहे. 'कुठे चाललास' विचारायचं तर 'कुठे' सगळ्यात शेवटी येतं, आणि भुवया, चेहरा हे वाक्याचाच भाग असतात. चेहरा कोरा ठेवून खुणा केल्या तर प्रश्न आहे की विधान, ते कळत नाही. प्रत्येक दवाखान्यात आणि बँकेत निदान एकाला तरी ही भाषा यावी अशी माझी मनापासून मागणी आहे. शिकायला कुणाला मदत लागली तर हक्काने विचारा.

सातारा

मोडी ही लिपी आहे, भाषा नव्हे, तरी लिहितो. घरातले जमिनीचे जुने कागद वाचता यावेत म्हणून शिकलो. शब्दांमध्ये जागा सोडलेली नसते, ऱ्हस्व-दीर्घाचा भेद नसतो, पण डोळा सरावला की ओळ वाहत जाते. अडलो ते पुढेच. पेशवेकालीन कागदांत साल सुहूर सन या जुन्या कालगणनेचं आणि तेही अरबी शब्दांत. सलास म्हणजे तीन, खमस म्हणजे पाच. मायने आणि कारभारातले शब्द बरेचसे फारसी. अक्षर लागतं, अर्थ लागत नाही. तेव्हा आता फारसी शिकायचीच. साताऱ्यात किंवा ऑनलाइन, संध्याकाळी सातनंतर कोणी शिकवत असेल तर इथे जरूर सांगा.