पायाच्या बोटांमधली नस: ऑपरेशन न करता सुईनं जमते का? नागपुरात कोणी केलं?

इतवारीवाला:
मंडळी, इतवारीत कापडाचं दुकान आहे, दिवसभर उभाच असतो. दीड वर्षापासून उजव्या पायाच्या तिसऱ्या-चौथ्या बोटामधे असं वाटते का चपलेत गोटा अडकला, झटकून पाहिली तर काहीच नाही. मग करंटसारखी कळ जाते बोटाच्या टोकापर्यंत. सोनोग्राफीत मॉर्टन्स न्यूरोमा निघाला, म्हणजे बोटांमधली नस जाड होऊन दुखते. स्टेरॉइडची २ इंजेक्शनं झाली, पहिल्यानं ३ महिने मस्त गेले, दुसऱ्यानं १५ दिवसही नाही. आता ऑर्थोवाले म्हणून राहिले नस कापून टाकू. प्रेगाबालिन (नसेच्या दुखण्याची गोळी) घेतली तर गल्ल्यावर पेंगतो, परवा गिऱ्हाइकाला शंभराच्या जागी पाचशे वापस दिले 😅 नस जाळायचं नाहीतर गोठवायचं कोणी केलं का इथं?

खामला_ताई:
दादा मी आरएफ (रेडिओफ्रिक्वेन्सी, नस जाळायचं तेच) केलं मागच्या वर्षी, रामदासपेठेत. सोनोग्राफीवर पाहत पाहत सुई टाकतात, जागा बधिर करतात, टाका नाही काही नाही, संध्याकाळी घरी. पण लगेच बरं वाटेल या भ्रमात राहू नका, पहिला आठवडा उलट जास्तच ठणकलं, मी तर डॉक्टरला मनातल्या मनात लय शिव्या दिल्या. महिन्याभरानं फरक कळला. आता फुटाळ्यावर चक्कर मारते, पूर्ण गेलं असं नाही म्हणणार.

गॅसवाला_डॉक्टर:
मी भूलतज्ज्ञ, दुखण्यावरच्या उपचाराचं (पेन मॅनेजमेंट) काम करतो. आरएफमध्ये सुईचं टोक साधारण ८० ते ९० अंशांपर्यंत तापवतात. क्रायोत, म्हणजे नस गोठवण्यात, उणे ७० च्या आसपास गोठवतात, नसेचं बाहेरचं आवरण शाबूत राहते, त्यामुळे ती हळूहळू परत वाढते, म्हणजे दुखणंही परत येऊ शकते, तेव्हा पुन्हा करता येते. कापली तर त्या दोन बोटांमधला बधिरपणा कायमचा, आणि कधीकधी कापलेल्या टोकाला नवीन गाठ होऊन तीच दुखते. म्हणून कापणं शेवटी. पण कुठेही पैसे भरायच्या आधी नुसतं भुलीचं टेस्ट इंजेक्शन मागा. त्यानं काही तास दुखणं गेलं तर नस तीच. नाही गेलं तर जाळून काय उपयोग? आणि स्टेरॉइड पुन्हा पुन्हा नको, तळव्याची चरबीची गादी पातळ होते.

महालचा_बाल्या:
भाऊ पहिले ती टोकदार मोजडी फेक ना बे, फोटोत पाहिली तुझी. रुंद तोंडाचे बूट घे न मेटाटार्सल पॅड (चवड्याखाली लावायची गादी) लाव.

जरीपटका७७:
बाबांचे दोन्ही तळवे रात्री जळतात, शुगर आहे, त्यांचं पण आरएफनं होईल का?

गॅसवाला_डॉक्टर:
दोन्ही पाय आणि शुगर म्हणजे वेगळं प्रकरण, एका नसेचं नाही. एचबीए१सी (मागच्या तीन महिन्यांची सरासरी शुगर) बघा, आणि शुगरची मेटफॉर्मिन गोळी चालू असेल तर व्हिटॅमिन बी१२ नक्की, त्या गोळीनं ते कमी होऊ शकते. फिजिशियनला दाखवा आधी.

इतवारीवाला:
टेस्ट इंजेक्शनचं तर कोणी बोललंच नव्हतं आजपर्यंत! बुधवारची अपॉइंटमेंट घेतली, मोजडी पोराला देऊन टाकली. ते पॅड दुखते तिथंच लावायचं का?

गॅसवाला_डॉक्टर:
नाही, दुखऱ्या जागेच्या जरासं मागे, टाचेकडे. बरोबर दुखऱ्या जागेखाली लावलं तर अजून बोंब माराल.