मदत हवी आहे: अल्सरेटिव्ह कोलायटिस, सलाईन, घरचं इंजेक्शन की गोळी?

नमस्कार मंडळी,

प्रश्न धाकट्या बहिणीचा आहे. वय २६, देवगडजवळच्या वाडीत राहते, लग्न ठरलंय. शौचावाटे रक्त आणि आव पडायला लागली तेव्हा मूळव्याध समजून औषधं चालली. कोल्हापुरात कोलोनोस्कोपी आणि बायोप्सी झाली तेव्हा अल्सरेटिव्ह कोलायटिस, म्हणजे मोठ्या आतड्याच्या आतल्या अस्तराला सूज येऊन जखमा होण्याचा आजार, असल्याचं कळलं.

मेसालामाइन या आतड्याची सूज कमी करणाऱ्या औषधावर काही काळ बरा गेला. मग त्रास उफाळला की स्टेरॉइड, आणि डोस उतरवला की पुन्हा रक्त. स्टेरॉइड सुटावं म्हणून अझाथायोप्रिन हे प्रतिकारशक्ती दाबणारं औषध सुरू केलं, तर पांढऱ्या पेशी घसरल्या आणि केस मुठीमुठीने गळले. एनयूडीटी१५ या जनुकात बदल असला की असं होतं आणि आशियाई लोकांत तो बदल बऱ्यापैकी आढळतो, असं डॉक्टरांनी सांगितलं. ते औषध लगेच बंद केलं.

आता तीन पर्याय समोर आहेत. इन्फ्लिक्सिमॅब सलाईनमधून: सुरुवातीला, मग दुसऱ्या आणि सहाव्या आठवड्यात, पुढे दर ८ आठवड्यांनी. अडॅलिमुमॅबचं पेन (औषध भरलेलं तयार इंजेक्शन) घरीच दर २ आठवड्यांनी टोचायचं. किंवा टोफासिटिनिबची गोळी, रोज दोनदा. पहिली दोन औषधं टीएनएफ हे दाह पेटवणारं प्रथिन अडवतात, गोळी पेशीच्या आत दाहाचा संदेश पुढे नेणाऱ्या जॅक एन्झाइमला अडवते.

सलाईनसाठी दर वेळी करूळ घाट चढून कोल्हापूर गाठायचं, आणि पावसात दरड आली की तो कधी बंद होईल सांगता येत नाही. पेन फ्रिजमध्ये ठेवायचं, तर आमच्याकडे वारा सुटला की लाईट जाते ती दुसऱ्या दिवशीच येते. म्हणून घरातले सगळे गोळीकडे झुकलेत, शिवाय ती जेनेरिकमध्ये बरीच स्वस्त मिळते. हा निर्णय बरोबर आहे का? आणि मासे बंद करावेत का? शेजारपाजारच्या सांगण्यावरून आई तिला नुसत्या पेजेवर ठेवतेय, पोरगी अर्धी झालीय. मला हे बघवत नाही.

प्रतिसाद १

दादा, मला हाच आजार आहे, मी गुहागरची. तुम्ही लग्न ठरल्याचं लिहिलंत, ते आधी डॉक्टरांना सांगा. गरोदरपणात टोफासिटिनिब घेऊ नये असंच सांगतात, मूल हवं असेल तर ती आधी थांबवावी लागते. टीएनएफवाली इंजेक्शनं मात्र गरोदरपणातही बहुतेक वेळा चालू ठेवतात, कारण त्या काळात आजार उफाळणं आईला आणि बाळाला जास्त धोक्याचं. गोळी वाईट नाही. अमेरिकेत २०१८ साली तिला या आजारासाठी मान्यता मिळाली आणि अनेकांना ती लागू पडते. पण नागीण उठण्याचा आणि रक्ताच्या गुठळ्यांचा धोका असतो, त्याबद्दल आधीच विचारून घ्या.

तिन्हींपैकी काहीही निवडलंत तरी आधी टीबीची तपासणी हवीच: छातीचा एक्स-रे आणि इग्रा (रक्ताची चाचणी) किंवा त्वचेची चाचणी. आपल्याकडे कितीतरी जणांच्या शरीरात टीबी सुप्त असतो, तो या औषधांनी जागा होऊ शकतो. सोबत हिपॅटायटिस बी चीही तपासणी.

पेन २ ते ८ अंशांत ठेवायचं असतं. काही कंपन्यांचं पेन २५ अंशांखाली १४ दिवस टिकतं, पण आपल्याकडे पावसाळ्यातही खोली २५ च्या वरच असते, म्हणून ती सवलत धरू नका. मी पावसाळ्यात एका वेळी एकच पेन आणते. थर्मासच्या डब्यात जेलपॅक, मध्ये जाड फडकं, मग पेन. बंदरावरच्या बर्फात अजिबात ठेवू नका, गोठलेलं पेन टाकूनच द्यावं लागतं.

प्रतिसाद २

माशांमुळे हा आजार होत नाही. आनुवंशिक कल असलेल्या माणसाची प्रतिकारशक्ती आतड्यातल्याच जिवाणूंवर उलटते, असं आजचं आकलन आहे. त्रास जोरात असताना तिखट, तिरफळं, चोथा कमी करावा. पण प्रथिनं लागतातच. मऊ भात आणि पातळ, कमी तिखट कालवणातला मासा सोसत असेल तर द्या. आईंना पुढच्या वेळी डॉक्टरांकडे सोबत न्या, त्यांच्या तोंडून ऐकलं की पटतं. आणि अंग दुखलं म्हणून आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅक मनाने देऊ नका, त्यांनी आजार भडकू शकतो.

रक्त थांबलं म्हणून औषध सोडू देऊ नका. आता नुसत्या लक्षणांवर भागवत नाहीत, आतलं अस्तर भरून आलंय का ते बघतात. शौचाची कॅलप्रोटेक्टिन तपासणी (आतड्यात दाह किती आहे ते दाखवणारी) त्यासाठीच असते, दर वेळी दुर्बीण घालावी लागत नाही.

धागाकर्ता

दोघांचे मनापासून आभार. लग्नाची गोष्ट आम्ही डॉक्टरांना सांगितलीच नव्हती, आज फोन करतो. टीबीच्या तपासण्या ठरवल्या आहेत. आईला कोल्हापूरला नेतोय. गुहागरच्या ताई, पेन कोल्हापूरहून आणताना वाटेत थंड ठेवायला दुकानदार पॅक देतो, की डबा आपणच न्यायचा? आणि महात्मा फुले योजनेतून यातलं काही मिळतं का? कोणाला अनुभव असेल तर लिहा, नाहीतर रुग्णालयातल्या आरोग्यमित्रांना विचारून इथे कळवतो.