व्हिएन्नाचे म्युझिकफेरआइन: नुसते पाहावे की तिथे मैफल ऐकावी?

आषाढघन (प्रश्न):

येत्या ऑक्टोबरात आईला घेऊन व्हिएन्नाला जाण्याचे नक्की झाले आहे. दर १ जानेवारीला टीव्हीवर नववर्षाची मैफल पाहत आल्यामुळे म्युझिकफेरआइनचे ते सोनेरी सभागृह एकदा प्रत्यक्ष पाहावे, अशी तिची फार दिवसांची इच्छा आहे. आम्ही दोघीही रागसंगीत ऐकत वाढलो असल्याने पाश्चात्त्य वाद्यवृंदाची आम्हांला फारशी सवय नाही, आणि आईचे गुडघे दुखत असल्यामुळे ती तास-तासभर उभी राहू शकत नाही. अशा परिस्थितीत मार्गदर्शकासोबतची इमारतीची फेरी पुरेशी होईल, की मैफलीचेच तिकीट काढावे? काढायचे झाल्यास जागा कोणती निवडावी? शिवाय रस्त्यात मोझार्टच्या काळचा पोशाख घालून तिकिटे विकणारे लोक दिसतात असे वाचले. त्यांच्याकडून तिकीट घेणे योग्य ठरेल का? जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावे.

मंद्रसप्तक:

मैफलीचेच तिकीट काढावे, असे माझे स्पष्ट मत आहे. हे सभागृह जगभर नावाजले गेले ते सोन्याच्या मुलाम्यामुळे नव्हे, तर त्यातल्या नादामुळे. आणि रिकाम्या सभागृहात तो नाद मुळी असतच नाही. श्रोत्यांनी भरलेल्या सभागृहात स्वर साधारण दोन सेकंद रेंगाळतो, रिकाम्यात तो त्याहून बराच जास्त वेळ घुमत राहतो. माणसांचे कपडे आणि शरीरे आवाज शोषून घेतात, त्यामुळे ऐकायला आलेले लोकही त्या नादाच्या घडणीत सामील असतात, असे म्हणायला हरकत नाही.

सभागृहाचा आकार पाहिला तर ती सरळसोट लांबट पेटी आहे: लांबी जवळजवळ ४९ मीटर, रुंदी १९ मीटर आणि उंची १८ मीटरच्या आतबाहेर. रुंदी कमी असल्यामुळे वाद्यातून निघालेला स्वर बाजूच्या भिंतींवरून लगेच परततो आणि मूळ स्वरात मिसळून दोन्ही बाजूंनी कानावर येतो, म्हणून स्वरांनी वेढल्यासारखे वाटते. भिंतींलगतच्या सोनेरी स्त्रीमूर्ती, सज्जे आणि छताचे खोलगट चौकोन हे सारे टीव्हीवर निव्वळ शोभेचे वाटते, परंतु त्या उंचसखल पृष्ठभागांमुळे स्वर एकाच दिशेने परावर्तित न होता सर्वत्र विखुरतो. लाकडी जमिनीखाली पोकळी आहे आणि छत वरून टांगलेले आहे, त्यामुळे सतारीच्या भोपळ्याप्रमाणे सगळी वास्तूच नादाला साथ देते.

विशेष म्हणजे वास्तुविशारद टेओफिल हानसेन यांनी हे सभागृह बांधले तेव्हा सभागृहांचे ध्वनिशास्त्र जन्मालाही आलेले नव्हते. उद्घाटन झाले ६ जानेवारी १८७० रोजी. निनाद मोजण्याचे गणित भौतिकशास्त्रज्ञ वॉलेस सॅबिन यांनी मांडले ते त्यानंतर पाव शतकाने, आणि त्या गणिताच्या आधारे बोस्टनचे सिम्फनी हॉल उभे राहिले ते १९०० मध्ये. आजही उत्तम नादाच्या सभागृहांची चर्चा निघाली की व्हिएन्ना, बोस्टन आणि ॲमस्टरडॅम ही नावे एका दमात घेतली जातात. इतके असूनही केवळ छायाचित्रे काढून परत यायचे, हे मला तरी पटत नाही.

दूरदेशी:

जागांविषयी आणि तिकिटांविषयी लिहितो. सोनेरी सभागृहात बसण्याच्या सुमारे १७०० आणि उभ्याच्या सुमारे ३०० जागा आहेत. उभ्याने ऐकण्याची जागा तळमजल्यावर अगदी मागे असते. ती कितीतरी स्वस्त पडते आणि तिथे स्वरही उत्तम पोहोचतो, परंतु आईंचा विचार करता तो पर्याय सोडूनच द्यावा. तळमजल्यावरील खुर्च्या सपाट जमिनीवर मांडलेल्या असतात, त्यामुळे पुढे उंच व्यक्ती बसली की वाद्यवृंद दिसेनासा होतो. सज्जातील बाजूच्या जागा घ्यायच्या झाल्यास पहिल्याच रांगेतील घ्याव्यात. त्यामागच्या रांगांतून ऐकू छान येते, पण मान वाकवून वाकवून अर्धा मंच दिसला तर दिसला. दिसणे आणि ऐकणे दोन्ही साधायचे असेल तर मंचासमोरच्या सज्जाच्या पुढच्या रांगा मला सर्वांत योग्य वाटतात.

काही मैफलींना प्रत्यक्ष मंचावर, वाद्यवृंदाच्या पाठीमागेही जागा मिळतात. तिथे ढोल आणि तुताऱ्या जवळ असल्याने नादाचा समतोल बिघडतो आणि गायक असल्यास त्यांची पाठच दिसते, म्हणून पहिल्या अनुभवासाठी त्या जागा सुचवणार नाही. मात्र तिथून कंडक्टरचा, म्हणजे वाद्यवृंदाचे संचालन करणाऱ्याचा, चेहरा आणि हातांची प्रत्येक हालचाल समोरून पाहायला मिळते. झुबिन मेहता तरुणपणी व्हिएन्नात शिकत होते तेव्हा मोठमोठ्या कंडक्टरांच्या तालमी जवळून पाहता याव्यात म्हणून ते आणि त्यांचे सहाध्यायी क्लाउडिओ आब्बाडो इथल्या गायकवृंदात खर्जाचे गायक म्हणून दाखल झाले होते. याच सभागृहातील नववर्षाच्या मैफलीचे नेतृत्व पुढे मेहतांनी पाच वेळा केले.

रस्त्यावरील पोशाखवाले विक्रेते सरसकट फसवतात असे नाही. प्रवाशांसाठी होणाऱ्या त्या मैफलींत लोकप्रिय तुकडे वाजवले जातात आणि त्यांतील काही खरोखर याच सभागृहात होतात. परंतु विक्रेत्याच्या हातातील चित्रात सोनेरी सभागृह आणि तिकिटावर भलतेच ठिकाण, असे होऊ शकते. म्हणून सभागृहाचे नाव तिकिटावर वाचल्याशिवाय पैसे देऊ नयेत. त्यापेक्षा म्युझिकफेरआइनच्या संकेतस्थळावरून आधीच तिकीट काढणे केव्हाही चांगले. व्हिएन्ना फिलहार्मोनिक या वाद्यवृंदाच्या वर्गणीदारांसाठीच्या मैफलींची तिकिटे दुर्मीळ असतात. पण व्हिएन्ना सिम्फनी आणि बाहेरचे नामवंत वाद्यवृंदही इथे वाजवतात, त्यांच्या तारखा पाहाव्यात.

जुनेपाने:

मंद्रसप्तक यांचे बहुतेक म्हणणे मान्य आहे, पण फेरीला इतके कमी लेखू नये. मैफलीला आलेला माणूस आपल्या जागेला बांधलेला असतो. छतावर आउगुस्ट आयझेनमेंगर यांनी रंगवलेला अपोलो आणि त्याच्याभोवतीच्या नऊ कलादेवी सावकाश पाहण्याची सवड त्याला फेरीतच मिळते. त्या सोनेरी स्त्रीमूर्ती मुळात सज्जाखाली पुढे उभ्या होत्या आणि त्यांच्यामुळे मागच्यांना मंच दिसत नसे. १९११ मध्ये त्या भिंतीलगत सरकवण्यात आल्या. अशा गोष्टी मार्गदर्शकाने बोट दाखवून सांगितल्याशिवाय लक्षात येत नाहीत.

शिवाय ही वास्तू म्हणजे केवळ एक सभागृह नव्हे. १८१२ मध्ये स्थापन झालेल्या संगीतप्रेमींच्या संस्थेचे हे घर आहे. शहराची तटबंदी पाडल्यावर मोकळी झालेली ही जागा सम्राट फ्रान्झ योझेफ यांनी १८६३ मध्ये संस्थेला दिली. संगीतकार ब्राम्स १८७२ ते १८७५ या काळात संस्थेच्या मैफलींचे संचालक होते आणि त्यांचा ग्रंथसंग्रह पुढे संस्थेकडेच आला. बेथोव्हेनच्या तिसऱ्या सिम्फनीची (वाद्यवृंदासाठीच्या मोठ्या रचनेची) ती प्रसिद्ध नक्कल-प्रतही इथल्याच संग्रहात आहे, जिच्या मुखपृष्ठावरचे नेपोलियन बोनापार्टचे नाव त्याने इतक्या त्वेषाने खरवडले की कागदाला भोक पडले.

आईंसाठी एक सुचवतो. याच इमारतीत ब्राम्स सभागृह आहे, सोनेरी सभागृहाहून पुष्कळ लहान. तिथे चौघा-पाच जणांच्या वादनाच्या मैफली होतात. रागसंगीताची सवय असलेल्या कानाला एकेक वाद्य वेगळे ओळखता येणे सुखाचे वाटते, आणि नव्वद वाद्ये एकदम अंगावर येण्यापेक्षा ही सुरुवात सोपी जाते. सोनेरी सभागृह फेरीत पाहावे आणि ऐकावे ब्राम्स सभागृहात, असाही मार्ग आहे.

आषाढघन:

सर्वांचे मनापासून आभार. ब्राम्स सभागृहाचे आईला सांगितले, तर ती म्हणाली, “ऐकायचे तर त्या सोन्याच्याच खोलीत.” त्यामुळे समोरच्या सज्जातील तिकिटे पाहते आहे. आणखी एकच शंका: दाद केव्हा द्यायची? आमच्याकडे समेवर आपसूक ‘वाहवा’ निघते. तिथे ते चालत नाही असे ऐकले.

मंद्रसप्तक:

चालत नाही, हे खरे. सिम्फनीचे साधारण चार भाग असतात. दोन भागांच्या मधल्या शांततेतही टाळ्या वाजवत नाहीत. कार्यक्रमपत्रिकेत भागांची नावे क्रमाने दिलेली असतात, ती पाहत राहावी; तरी शंका वाटली तर कंडक्टर हात खाली घेऊन श्रोत्यांकडे वळेपर्यंत थांबावे. तिथले श्रोते नेहमीच इतके शहाणे होते असे मात्र नाही. ३१ मार्च १९१३ रोजी याच सभागृहात संगीतकार शोनबर्ग यांनी नव्या संगीताची मैफल सादर केली, तेव्हा प्रकरण हातघाईवर आले आणि मैफल अर्ध्यावर बंद करावी लागली.

पोशाख नीटनेटका असला की पुरे, साडी उत्तमच. कोट आणि मोठ्या पिशव्या बाहेर सांभाळायला द्याव्या लागतात. तिथे रांग लागते आणि आईंना जिनाही सावकाश चढावा लागेल, म्हणून मैफलीच्या अर्धा-पाऊण तास आधी पोहोचावे. कार्ल्सप्लाट्झ या मेट्रो स्थानकावरून चालत अगदी थोडे अंतर आहे. उशीर झाल्यास दोन रचनांच्या मध्ये योग्य विराम येईपर्यंत आत सोडत नाहीत, आणि पहिलीच रचना लांबलचक असेल तर तोवर बाहेर ताटकळावे लागते.