नवे ट्रक घेण्याआधी बुशिंग बदला. पटतंय का?

उतारकर

‘माझे ट्रक वळतच नाहीत, नवे कुठले घेऊ?’ लाँगबोर्डवाल्यांच्या, म्हणजे लांब स्केटबोर्ड चालवणाऱ्यांच्या, कुठल्याही गटात हा प्रश्न सारखा येतो (ट्रक म्हणजे फळीखालचा, चाकं धरणारा सांगाडा) आणि खाली लगेच पॅरिस, कॅलिबर, बेअर अशी कंपन्यांच्या नावांची माळ लागते. विचारणाऱ्याचं वजन किती, हे मात्र कोणी विचारत नाही.

माझं म्हणणं असं की यातल्या बहुतेकांचे ट्रक ठणठणीत असतात. वैताग असतो तो ट्रकसोबत आलेल्या बुशिंगांचा. किंगपिनभोवती, म्हणजे ट्रकच्या मधल्या बोल्टभोवती, वर-खाली बसवलेली ती युरेथेनची दोन गोल बोंडं. तुम्ही बाजूला झुकलात की हँगर, म्हणजे चाकांचा आस धरणारा ट्रकचा भाग, त्यांना चेपतो, आणि ती किती विरोध करतात, किती जोरात परत उसळतात, यावर बोर्डाचा स्वभाव ठरतो. कंपनी ती बसवते कुठल्यातरी मधल्या वजनाच्या माणसासाठी. ५० किलोच्या माणसाला तीच बुशिंग लाकडासारखी लागतात, ९० किलोच्या माणसाला लोण्यासारखी.

मग लोक पाना काढतात. ९० किलोवाला नट आवळत सुटतो, बुशिंग वॉशरच्या कडेबाहेर फुगतं आणि काही दिवसांत चिरतं. हलका माणूस नट इतका सैल करतो की वॉशर बोटाने गरगर फिरतो. वॉशर बुशिंगला टेकल्यावर नटाचा अर्धा ते एक फेरा पुरायला हवा. त्याहून जास्त लागत असेल तर पुढच्या कडकपणाचं बुशिंग घ्या, पाना ठेवून द्या. ८५ए चालत नसेल तर ८७ए किंवा ९०ए (आकडा जितका मोठा, तितकं बुशिंग कडक). दोन्ही ट्रकची मिळून चार बुशिंग लागतात आणि नव्या ट्रकच्या मानाने तो खर्च किरकोळ असतो.

आकारही बघा. शंकूसारखं बुशिंग पटकन झुकतं, कार्व्हिंगला, म्हणजे नागमोडी वळणं घेत जायला, मजा येते. बॅरल म्हणजे सरळ नळकांडं, ते भरवशाचं. डेककडे, म्हणजे फळीकडे, बॅरल आणि रस्त्याकडे शंकू ही जोडी सुरुवातीला छान.

आता या, भांडा.

तिरकस

असहमत. बुशिंगमुळे झुकायला *जोर किती लागतो* ते बदलतं. झुकल्यावर ट्रक *किती वळतो* ते बेसप्लेटचा, म्हणजे ट्रकच्या डेकला बोल्टने बसणाऱ्या भागाचा, कोन ठरवतो, आणि तुमच्या अख्ख्या लेखात त्या कोनाचा उल्लेखही नाही.

हिशोब साधा आहे: वळण्याच्या कोनाचा टॅन्जंट म्हणजे पिव्हटच्या (अर्थात बेसप्लेटच्या) कोनाचा टॅन्जंट गुणिले झुकण्याच्या कोनाचा साइन. डेक १० अंश झुकवा. ५० अंशांच्या बेसप्लेटवर ट्रक ११.७ अंश वळतो, ४४ वर ९.५ आणि २० वर जेमतेम ३.६. जगातलं कुठलंही बुशिंग घाला, हे आकडे हलत नाहीत. रँडल कंपनीच्या आर-टू ट्रकला ५०, ४२ आणि ३५ अंशांच्या वेगवेगळ्या बेसप्लेटी मिळायच्या, त्या उगाच नव्हत्या.

ज्याला उतारावर थरथर होते त्याला तुम्ही ‘कडक बुशिंग टाक’ म्हणणार. त्याने थरथर थोडी उशिरा सुरू होईल, एवढंच. मागचा ट्रक पुढच्याइतकाच वळत राहतो, आणि मागून वळणारं वाहन वेगात सरळ राहत नाही. म्हणून डाउनहिलवाले आज पुढे ५० च्या आसपास आणि मागे २०-३० अंश ठेवतात. ते बुशिंग बदलत नाहीत असं नाही, पण आधी कोन ठरवतात.

उतारकर

@तिरकस, भूमिती नाकारलीय कोणी? पण प्रश्न विचारणारा कोण आहे ते तरी बघा. रोज संध्याकाळी सपाट रस्त्यावर रमतगमत फिरणारा माणूस. त्याला मागे २० अंशांचा ट्रक दिलात तर कोपऱ्यावर बोर्ड उचलून वळवावा लागेल. ५०/५० वर कार्व्हिंग करणारे हजारो लोक सुखात आहेत. त्यांना हवा असतो तो सैल-कडकपणा, आणि ते बुशिंगचंच खातं.

आणि थरथरीचं म्हणाल, तर निम्म्या वेळा दोष उभं राहण्याचा असतो. वजन मागच्या पायावर टाकून, गुडघे ताठ करून उतरलं की कुठलीही भूमिती वाचवत नाही. वजन पुढच्या पायावर घ्या, फरक त्याच उतारावर कळेल.

निवांत चाकं

दोघांचं वाचून गंमत वाटतेय, कारण दोघेही हँगरच्या रुंदीबद्दल गप्प. १८० मिमीच्या हँगरवर चाकं किंगपिनपासून लांब, त्यामुळे तेच ९०ए बुशिंग १५० मिमीच्या हँगरपेक्षा वेगळं वागतं. डेक कसा बसवलाय त्यानेही बदलतं. टॉपमाउंटवर, म्हणजे ट्रक डेकच्या खाली लावला की, तुम्ही उंच उभे, झुकवायला तरफ मोठी मिळते. ड्रॉप-थ्रूवर, म्हणजे ट्रक डेकमधून आरपार बसवला की, पाय खाली आले, तरफ कमी झाली, तीच बुशिंग कडक वाटायला लागतात. ‘मित्राच्या बोर्डावर ८७ए मस्त चाललं’ या वाक्याला मित्राचा डेक पाहिल्याशिवाय काडीचा अर्थ नाही.

आणखी एक, वॉशर. वाटीसारखा वॉशर बुशिंगची कड धरून ठेवतो, सपाट वॉशर मोकळं सोडतो. बाकी काहीही न बदलता फक्त वाटीच्या जागी सपाट वॉशर टाकून बघा, कडकपणाची एक पायरी उतरल्यासारखं वाटेल. हा बदल सगळ्यात स्वस्त आणि त्याचं नावही कोणी घेत नाही.

टॉपमाउंटवाल्यांनी मात्र मऊ बुशिंगच्या मोहात पडताना चाक डेकला घासत नाही ना ते पाहावं. चाक घासलं की बोर्ड जागीच थांबतो. माणूस थांबत नाही.

पाचर

कोनासाठी नवे ट्रक कशाला? ट्रक आणि डेकच्या मध्ये तिरपा रायझर, म्हणजे पाचरीसारखा तुकडा, टाकायचा. एका तोंडाने बसवला की कोन वाढतो, उलटा बसवला की घटतो. दोन्ही ट्रक ५० चे असतील तर मागे ७ अंशांची पाचर उलटी टाका, झाले ४३. @तिरकस यांचा मुद्दाही राहिला आणि @उतारकर यांची काटकसरही. बोल्ट तेवढे लांब घ्यावे लागतात.

तिरकस

@पाचर, चालतं, पण पाचरीने उंची वाढते आणि उंचीबरोबर तरफ वाढते, ते आत्ताच वर लिहिलंय. ड्रॉप-थ्रूवर तर पाचर बसवायची म्हणजे डोकेदुखी. ४३-४४ अंशांची सुटी बेसप्लेट मिळत असेल तर सरळ ती घ्यावी.

@निवांत चाकं, रुंदीचं मान्य. मी तर म्हणेन की ते माझ्याच बाजूचं आहे. रुंदी, कोन, उंची हे सगळं आधी ठरतं, बुशिंग त्यानंतर निवडायचं. उतारकर उलट्या क्रमाने चाललेत.

शिवाय ओतीव ट्रकच्या पिव्हट कपमध्ये, म्हणजे हँगरचं टोक बसतं त्या वाटीत, ढिलाई असेल तर बुशिंगवर कितीही खर्च करा, हँगर मधल्या जागी आधी थोडा डुलणार आणि मगच बुशिंग चेपणार. ट्रक हातात धरून हँगर आडवा हलवून बघा. खटखट जाणवली तर बुशिंगची चर्चाच नको.

उतारकर

ढिला पिव्हट कप बदलता येतो हो, त्यासाठी ट्रक टाकून देत नाहीत. घासलेला कप काढून नवा बसवणं दहा मिनिटांचं काम आहे. सीएनसी यंत्रावर कोरलेल्या ट्रकची भलामण करणारे निम्मे लोक ताशी २५ किलोमीटरच्या वर जात नाहीत, आणि तिथे तो फरक पायाला कळत नाही.

क्रमाबद्दल: शून्यातून बोर्ड बांधणाऱ्यासाठी तुमचा क्रम बरोबर. पण धागा *ज्याच्याकडे ट्रक आहेत* त्याच्याबद्दल आहे. शीर्षक वाचा राव.

निवांत चाकं

नुसत्या आकड्यावर जाऊ नका हेही जोडतो. दोन ८७ए सारखी नसतात. व्हेनम कंपनीचं एसएचआर हे युरेथेन जोरात उसळून मधोमध येतं, त्यांचंच एचपीएफ जरा दमाने येतं. कार्व्हिंगला उसळी हवीशी वाटते. वेगात तीच उसळी काहींना नको होते. थंडीत युरेथेन कडक होतं ते वेगळंच, त्यामुळे पहाटेच्या गारठ्यात निवाडा करू नये.

पहिलाच_बोर्ड

तुमच्या भांडणात माझा प्रश्न घुसवतो. वजन ६८ किलो, ड्रॉप-थ्रू डेक, १८० मिमी, दोन्हीकडे ५० अंश, सोबत आलेली बुशिंग, आकडा पुसला गेलाय. सपाटीवर वळायला जड जातं, आणि छोट्याशा उतारावर मागचं टोक वळवळतं. दोन्ही तक्रारी एकाच बोर्डाच्या कशा?

उतारकर

अगदी शक्य आहे. पुढे मऊ, मागे कडक करा. पुढे ८५ए, डेककडे बॅरल आणि रस्त्याकडे शंकू. मागे ९०ए, दोन्ही बॅरल. वळायला पुढचा ट्रक आधी जाईल आणि मागचा मुकाट पाठोपाठ येईल. ट्रकना हात लावू नका.

तिरकस

पुढच्याबद्दल हरकत नाही. मागे मात्र त्याच ट्रकची ४३-४४ ची बेसप्लेट मिळते का ते आधी बघा, आणि मिळाली तर मागे ९०ए न घेता ८७ए घ्या. कोन उतरवल्यावर कडक बुशिंगची गरज तितकी राहत नाही, उलट मागचा ट्रक झुकायलाच तयार होणार नाही.

पहिलाच_बोर्ड

म्हणजे ९०ए मागवू की नको?

निवांत चाकं

आधी मागचा नट किती आवळलाय आणि वॉशर वाटीचा आहे की सपाट, ते बघून इथे लिहा. मग या दोघांना परत सोडतो.