पोर्टलवर अजून ‘अंडर रिव्ह्यू’च

एकाने विचारलंय की अमेरिकेतल्या पीएचडीसाठी अर्ज केलाय, पण विद्यापीठाच्या पोर्टलवर दोन महिने ‘अंडर रिव्ह्यू’ (अर्ज अजून तपासला जातोय) असंच दिसतंय, म्हणजे नकार समजायचा का? नाही हो. अमेरिकेत पीएचडीचे निर्णय बरेचदा टप्प्याटप्प्याने येतात. पहिल्या फेरीत निवडलेले विद्यार्थी नाही म्हणाले की यादीतल्या पुढच्यांना विचारतात. निधीसह आलेल्या ऑफरला उत्तर द्यायची बहुतेक विद्यापीठांनी मान्य केलेली तारीख १५ एप्रिल, त्यामुळे त्या सुमारास बरीच हलवाहलव होते.

तोवर स्टेटसपेक्षा चेकलिस्ट बघा. तिन्ही शिफारसपत्रं पोचलीत का? काही पोर्टल्स पत्राची लिंक अर्ज सबमिट केल्यावरच पाठवतात आणि ती मेल सरांच्या स्पॅममध्ये जाऊन बसते. पोर्टलवरून रिमाइंडर पाठवाच, पण स्वतःही वेगळी मेल टाका, विषयात विद्यापीठाचं नाव आणि अंतिम तारीख लिहून. टोफेलचा (इंग्रजीच्या परीक्षेचा) स्कोअर अर्जाशी जुळत नसेल तर आधी नाव तपासा: पासपोर्टवर मधे वडिलांचं नाव, अर्जात नाही, असं हमखास होतं. (टोफेलचा स्कोअर दोन वर्षं चालतो, जीआरई या प्रवेशपरीक्षेचा पाच.)

वेटलिस्ट आली तर एकच छोटी मेल पुरे: मला अजूनही तुमच्याकडे यायचंय, आणि मधल्या काळात पेपर किंवा निकाल आला असेल तर तेवढा. दर आठवड्याला विचारणा मात्र नको, समिती वैतागते.