मदत हवी आहे: व्हॅनच्या मागे कॅरॅव्हॅन लावता येईल का? शनिवारच्या आत ठरवायचंय

भटकभवानी
नमस्कार. इंग्लंडमध्ये राहणाऱ्यांनी कृपया लवकर सांगा. आमच्याकडे केटरिंगच्या कामाची डिझेल व्हॅन आहे. एक जुनी चार बर्थची कॅरॅव्हॅन चांगल्या किमतीत मिळतेय, पण शनिवारी दुसरं गिऱ्हाईक ती बघायला येणार आहे. त्याआधी हो की नाही कळवायचंय. व्हॅन ती ओढेल का, एवढंच हवंय. मुलांना घेऊन लेक डिस्ट्रिक्टला जायचा बेत आहे. व्हॅन दणकट आहे, मोठी पातेली, टेबलं, खुर्च्या भरून मी रोज चालवते. टोबार (मागे कॅरॅव्हॅन जोडायचा दांडा) नाहीये, लावून घेईन.

लीड्सकर
ताई, व्हॅन कुठली ते नाही, कॅरॅव्हॅनचं वजन नाही, लायसन्स कधीचं तेही नाही. नुसतं दणकट म्हटल्यावर कोण काय सांगणार? ड्रायव्हरच्या दाराच्या खांबावर किंवा बॉनेटखाली कंपनीची पट्टी असते. तिच्यावर एकाखाली एक चार वजनं असतात: भरलेल्या व्हॅनचं कमाल वजन, व्हॅन आणि ट्रेलर मिळून कमाल वजन, मग पुढच्या आणि मागच्या अ‍ॅक्सलचं. चारही इथे टाका. कॅरॅव्हॅनच्या दाराजवळही पट्टी असते, तिच्यावरचं कमाल वजन टाका. विकणारे बहुतेकदा रिकामं वजन सांगतात, ते नको.

मुक्काम_पोस्ट
आधी लायसन्स बघा. १९९७ नंतर पास झालेल्यांना ट्रेलरची वेगळी परीक्षा द्यावी लागते. माझ्या मेव्हण्याने दिली होती, बरेच पैसे गेले. शनिवारपर्यंत काही होत नाही.

चक्रधर
ही माहिती जुनी झाली. १६ डिसेंबर २०२१ पासून ती परीक्षा बंद आहे. कारच्या साध्या लायसन्सवर ३५०० किलोपर्यंतचा ट्रेलर ओढता येतो. उगाच घाबरवू नका त्यांना. भवानीताई, बिनधास्त घ्या. व्हॅन ओझं वाहायलाच बनवलेली असते. मी दर उन्हाळ्यात व्हॅनमागे कॅरॅव्हॅन लावून कॉर्नवॉलला जातो, मागे काही आहे हे जाणवतसुद्धा नाही.

भटकभवानी
घ्या आकडे. २९००, ४५००, १५५०, १५५०. फोर्डची ट्रान्झिट कस्टम, आखूडवाली. कॅरॅव्हॅनच्या पट्टीवर १४९५. लायसन्स इथलंच आहे, २०१४ चं. आता सांगा, हो की नाही?

लीड्सकर
४५०० वजा २९०० म्हणजे १६००. कॅरॅव्हॅन पूर्ण भरून १४९५. कागदावर बसते. हँडबुकमध्ये ओढण्याची मर्यादा वेगळी दिलेली असते, तीही बघा. दोन्हींत जो आकडा लहान तोच धरायचा.

चक्रधर
मी वेगळं काय म्हणालो? आणि व्हॅन रिकामी नेलीत तर मागे याहून जास्तही ओढता येईल.

लीड्सकर
नाही येणार. १२ टक्के चढावर थांबलेली गाडी ट्रेलरसकट पुन्हा पुन्हा सुरू करता आली पाहिजे, त्यावरून ती मर्यादा ठरते. व्हॅन रिकामी केली म्हणून ती वाढत नाही.

सह्यवारा
८५ टक्क्यांचा नियम कुणीच कसा सांगितला नाही? भरलेली कॅरॅव्हॅन गाडीच्या रिकाम्या वजनाच्या ८५ टक्क्यांपेक्षा जड नको. मोडलात तर पोलीस अडवतात.

लीड्सकर
तो कायदा नाही. इथल्या कॅरॅव्हॅन क्लबांची शिफारस आहे, नवशिक्यांनी पाळावी अशी. व्हॅनचं रिकामं वजन १९५० धरलं तर ८५ टक्के म्हणजे १६५७. त्यातही बसते. पोलीस पट्टीवरचे आकडे बघतात. शंका आली तर वजनकाट्यावर नेतात.

मुक्काम_पोस्ट
स्पीडचं लक्षात ठेवा. कॅरॅव्हॅन मागे असताना साध्या रस्त्याला ताशी ५० मैल, दुभाजकवाल्या ड्युअल कॅरेजवेला आणि मोटरवेला ६०. तीन किंवा जास्त लेनच्या मोटरवेवर उजवीकडची शेवटची लेन घ्यायची नाही. आणि यॉर्कशरमध्ये ए १७० वरच्या सटन बँक घाटात कॅरॅव्हॅनला पूर्ण बंदी आहे.

भटकभवानी
सटन बँक आमच्या वाटेवर नाही हो. म्हणजे घेऊ ना?

ओलंरान
थांबा. आकडे बसले तरी मुख्य गोष्ट राहिलीच आहे. तुमची व्हॅन पुढच्या चाकांवर चालते. रिकामी असली की मागचा भाग हलका असतो. कॅरॅव्हॅनच्या वजनाचा साधारण ५ ते ७ टक्के भार हिचवर, म्हणजे टोबारच्या गोळ्यावर, पडायला हवा, म्हणजे तुमच्या बाबतीत ७५ ते १०५ किलो. टोबारवर त्याचीही मर्यादा छापलेली असते, ती ओलांडू नका. टोबारचा गोळा मागच्या अ‍ॅक्सलच्या बराच मागे असतो, त्यामुळे सी-सॉसारखं होतं: मागे दाबलं की पुढची चाकं हलकी होतात. नेमकी तीच चाकं गाडी ओढतात. डांबरावर कळत नाही. लेक डिस्ट्रिक्टच्या कॅम्पसाइटवर पाऊस पडून गेला की गवतात चाक जागच्या जागी फिरतं, चिखलाचे दोन चर पडतात आणि ट्रॅक्टर येईपर्यंत सगळे उभे राहतात. आमच्या व्हॅनचं असंच होतं, म्हणून मी बुकिंग करतानाच खडी टाकलेली जागा मागते.

दुसरं, गोळा अ‍ॅक्सलपासून जितका लांब, तितका कॅरॅव्हॅनचा हेलकावा व्हॅनला जास्त जाणवतो. जड सामान कॅरॅव्हॅनच्या मागच्या लॉकरमध्ये कधीच नको. ऑनिंग (कॅरॅव्हॅनच्या बाजूला जोडायचा तंबू), पाण्याचे कॅन व्हॅनमध्येच, मागच्या चाकांच्या थोडं पुढे, पट्ट्याने बांधून ठेवा. डोलायला लागलीच तर ब्रेक दाबू नका. अ‍ॅक्सिलरेटरवरून पाय उचला आणि स्टिअरिंग सरळ धरून ठेवा.

चक्रधर
इतकी भीती कशाला? स्टॅबिलायझर असला की काही होत नाही.

ओलंरान
स्टॅबिलायझर हेलकावा कमी करतो, चुकीचं भरलेलं सामान सुधारत नाही. आणि घर्षणावर चालणारा असेल तर टोबारचा गोळा कोरडा हवा. नव्या गोळ्यावर रंग असतो, तो पॉलिश पेपरने घासून काढायचा, ग्रीस अजिबात लावायचं नाही. टोबार बसवणारे पुष्कळदा सवयीने ग्रीस लावून देतात, उभं राहून सांगा.

बरं, माणसं किती? व्हॅनला सीट किती?

भटकभवानी
तीन सीट. आम्ही दोघं आणि दोन मुलं. मोठा कॅरॅव्हॅनमध्ये बसेल की, आत सोफा आहे.

लीड्सकर
अजिबात नाही! ओढत असताना कॅरॅव्हॅनमध्ये माणूस बसवायला बंदी आहे आणि जिवालाही धोका आहे. ताई, हे पहिल्याच पोस्टमध्ये लिहायला हवं होतं.

चक्रधर
मग मागे एक सीट बसवून घ्या. कारागीर करून देतात.

ओलंरान
प्रमाणित सीट आणि तिचे बोल्ट हवेत, इन्शुरन्सवाल्यांना कळवायला हवं. नाहीतर मुलाला पत्र्यावर बसवल्यासारखंच. लहान मूल आहे, चालवून घेऊ नका.

सुगरण
भवानीताई, कॅरॅव्हॅनमध्ये कुकर लावू नका, ऑनिंगमध्येही नको, बाहेर मोकळ्यावर लावा. वाफ आत कोंडली की भिंतींना ओल येते. बघायला जाल तेव्हा खिडक्यांच्या खालचे कोपरे आणि कपाटांच्या आतल्या भिंती अंगठ्याने दाबून बघा. कडक लागायला हव्यात. दबल्या, किंवा कागद फुगल्यासारखा वाटला, तर आतलं लाकूड कुजलंय. मग कितीही स्वस्त असली तरी घेऊ नका. आणि गाडी चालू असताना गॅसची बाटली बंद.

पुणेरी_चाकं
अवांतर: महाराष्ट्र शासनाने २०२१ मध्ये कॅरॅव्हॅन पर्यटनाचं धोरण आणलंय. ताम्हिणी घाटातून अशी ओढायची कॅरॅव्हॅन कुणी नेली आहे का?

लीड्सकर
त्यासाठी वेगळा धागा काढा, तिकडे सविस्तर बोलू.

भटकभवानी
सगळ्यांचे आभार. नवऱ्याशी बोलले. तो मोठ्याला घेऊन आमच्या छोट्या कारने मागून येईल, म्हणजे पेट्रोलचा खर्च वाढला, पण चालेल. गुरुवारी कॅरॅव्हॅन बघायला जातेय, कोपरे दाबून बघते. चोरीची नाही ना हे कसं कळेल? आणि लेस्टरजवळ टोबारचं वायरिंग कोण चांगलं करतं? एकाने ७ पिनचं स्वस्तात सांगितलंय.

चक्रधर
७ पिन पुरे. दिवे लागले की झालं.

लीड्सकर
एकाच ७ पिनवर रस्त्यात कॅरॅव्हॅनचा फ्रिज चालणार नाही, बॅटरीही चार्ज होणार नाही. १३ पिनचं आणि पूर्ण जोडलेलं करून घ्या. कॅरॅव्हॅनला जुने दोन ७ पिनचे प्लग असतील तर अ‍ॅडॉप्टर मिळतो. आरसे विसरू नका. कॅरॅव्हॅन व्हॅनपेक्षा रुंद असली आणि जादा आरसे न लावता पकडलं तर १००० पौंडांपर्यंत दंड आणि लायसन्सवर ३ पॉइंट. चोरीसाठी खिडकीच्या काचेवर कोरलेला १७ अक्षरांचा नंबर चासीवरच्या नंबराशी जुळवा आणि क्रिसमध्ये (इथल्या कॅरॅव्हॅनच्या नोंदणी यंत्रणेत) तपासून घ्या, थोडी फी लागते. सगळ्या काचांवर नंबर सारखाच हवा.

ओलंरान
व्हॅनचा इन्शुरन्स केटरिंगच्या कामाचा आहे का? घरगुती वापर त्यात धरलाय का ते गुरुवारच्या आधी फोन करून विचारा. आणि टायरची तारीख बघा. बाजूला चार आकडे असतात, शेवटचे दोन म्हणजे वर्ष. वरची नक्षी छान दिसली तरी सात वर्षांच्या वरचे असतील तर बदलायचेच, तेवढे पैसे किमतीतून कमी करायला सांगा.