मदत हवी आहे: हॅरी पॉटरच्या खऱ्या जागा, सासूबाई आणि एक बार

सूरसागर

नमस्कार मंडळी,

बडोद्याहून आम्ही चौघं इंग्लंड-स्कॉटलंडला जायचं म्हणतोय: मी, नवरा, चौदा वर्षांची लेक आणि सासूबाई. निमित्त लेकीच्या हॅरी पॉटर वेडाचं. लहान असताना ती लक्ष्मीविलास पॅलेसच्या मनोऱ्याकडे बोट दाखवून पाहुण्यांना "हे आमचं हॉगवर्ट्स" (गोष्टीतली जादूची शाळा) असं सांगायची. सासूबाईंनी मंजुल प्रकाशनाने काढलेले मराठी अनुवाद वाचलेत आणि त्या स्नेप मास्तरांच्या पक्षात आहेत. घरात त्यावरून अजून वाद होतात.

अडचण अशी की इंटरनेटवरच्या याद्यांवर विश्वास बसत नाही. प्रत्येक यादीत 'खरी डायगन ॲली', म्हणजे जादूगारांची बाजारपेठ, वेगळ्याच गल्लीत असते. शूटिंग नक्की कुठे झालं आणि कुठल्या दुकानदाराने नुसती पाटी लावली आहे, हे कोणी सांगेल का? पैसे मोजून आपण एखाद्या साध्या बोळात उभं राहायचं, याला माझी तयारी नाही.

दुसरं, दिवाळीच्या सुट्टीत जावं की मे महिन्यात? शाळेला दिवाळीची तीन आठवडे सुट्टी असते, म्हणून नवरा दिवाळी म्हणतोय. पण सासूबाईंचा चातुर्मास असतो, कांदा-लसूण चालत नाही. गुडघेही दुखतात.

आणि आता तो बार. लेकीने व्हिडिओत पाहिलंय: अंगावर झगा घालायचा, नळाला कांडी टेकवली की पेय येतं, चंबूतून धूर निघतो. अहो, आमचा जन्म दारूबंदीत गेला! दमणची एक सहल सोडली तर बार आतून कसा दिसतो हे मलाही ठाऊक नाही. अशा ठिकाणी मुलीला घेतात का? आणि त्या बटरबिअरमध्ये नक्की काय असतं? सासूबाईंना 'बिअर' म्हटलं की पुढचं काही ऐकायचंच नसतं.

जाणकारांनी मार्गदर्शन करावं.

---

लीड्सचा_पाहुणा

ताई, डोळे मिटून मे ठरवा. स्कॉटलंडमध्ये फोर्ट विल्यम ते मालेग धावणारी जेकोबाइट ही वाफेची गाडी (चित्रपटातली हॉगवर्ट्स एक्स्प्रेस) साधारण एप्रिल ते ऑक्टोबर असते. ॲनिक कॅसल, जिथे पहिल्या चित्रपटात झाडूवरून उडायचा पहिला तास झाला, तोही हिवाळ्यात बंद असतो. नोव्हेंबरात स्कॉटलंडमध्ये साडेचारच्या आत अंधार पडतो. दिवाळीत निघालात तर निम्म्या गोष्टी बंद दाराबाहेरून बघाल. मे महिन्यात चातुर्मासाचा प्रश्नही उरत नाही.

सगळ्यात आधी लंडनजवळच्या लीव्ह्सडनच्या स्टुडिओ टूरची तिकिटं काढा, विमानाची नंतर. तिथे दारावर तिकीट मिळत नाही आणि सुट्ट्यांच्या तारखा कित्येक आठवडे आधी संपतात. मोठ्या माणसाला पन्नास पौंडांच्या पुढे पडतं. मला विचाराल तर एवढे पैसे वसूल होणारी ही एकच जागा. यूस्टनहून वॉटफर्ड जंक्शनपर्यंत ट्रेनने वीसेक मिनिटं, पुढे त्यांची बस. आत चार तास सहज जातात. ग्रेट हॉलचा मूळ सेट, कपडे, मुखवटे, आणि शेवटाकडे किल्ल्याचं ते अवाढव्य मॉडेल. सासूबाईंना स्नेपचा झगा तिथेच भेटेल.

बटरबिअरही तिथेच प्या. दारूचा थेंब नसतो. बटरस्कॉचच्या चवीचं गोड सोडा-पेय आणि वर फेसाचा थर. आपल्याला दोन घोट पुरतात, एका ग्लासात दोघं भागवा.

लंडनमधली डायगन ॲली पहिल्या चित्रपटापुरती लेडनहॉल मार्केटची, म्हणजे छप्पर असलेला जुना बाजार. त्यातल्या बुल्स हेड पॅसेजमधल्या एका दुकानाचं दार लीकी कॉल्ड्रन या जादूगारांच्या खानावळीचं दार म्हणून वापरलं होतं. तिसऱ्या चित्रपटात तीच खानावळ बरो मार्केटजवळ गेली. म्हणजे दोन्ही याद्या खऱ्या, चित्रपट वेगळे. किंग्ज क्रॉस स्टेशनवर (हॉगवर्ट्सची गाडी जिथून सुटते) भिंतीत घुसलेली ट्रॉली मुख्य हॉलमध्ये आहे, नऊ-दहा फलाटांच्या मध्ये नाही. शूटिंग चार-पाच फलाटांवर झालं होतं. ट्रॉलीजवळचा माणूस गळ्यात मफलर अडकवून देतो. आपल्या मोबाइलवर फोटो फुकट, त्यांचा छापील फोटो विकत. सकाळी लवकर जा, नाहीतर रांग लागते.

ऑक्सफर्डच्या क्राइस्ट चर्चचा जिना पडद्यावर आहेच, पण तिथल्या जेवणाच्या हॉलमध्ये शूटिंग झालं नाही. स्टुडिओतला ग्रेट हॉल त्याच्या धर्तीवर बांधला. कॉलेज चालू असतं, दुपारी मुलांच्या जेवणाला हॉल बंद ठेवतात, तेव्हा वेळ बघून जा. कमानींचे कॉरिडॉर आवडत असतील तर ग्लॉस्टर कॅथेड्रल बघा. तिथल्या दगडी छताकडे वर बघत चालताना मान दुखते इतकं नक्षीकाम आहे, आणि गर्दी ऑक्सफर्डच्या मानाने काहीच नाही.

---

एडिनबराकर

नुसत्या पाट्या लावणाऱ्यांबद्दल मी लिहितो, कारण आमच्या गावात त्या सगळ्यात जास्त आहेत. एलिफंट हाउस नावाचं कॅफे हॅरी पॉटरचं जन्मस्थान म्हणून मिरवायचं. लेखिका रोलिंगबाईंनी २०२० मध्ये स्वतः स्पष्ट केलं की त्या कॅफेत पाय ठेवायच्या आधी काही वर्षं लिखाण सुरू झालेलं होतं. पुढे तिथे बसून लिहिलं, एवढं खरं. नंतर २०२१ च्या ऑगस्टमध्ये तिथे आग लागली. व्हिक्टोरिया स्ट्रीटचंही तसंच. वळणावळणाची रंगीत गल्ली सुंदर आहे, जरूर जा, फक्त 'खरी डायगन ॲली' हे दुकानदारांचं बोलणं समजा. पोर्तुगालमधल्या पोर्तोच्या लेलो पुस्तकदुकानात आत जायलाच तिकीट आहे आणि पॉटरच्या नावावर रांगा लागतात. ते दुकान आपण कधी पाहिलंच नाही, असं बाईंनी सांगून टाकलंय. ग्रेफ्रायर्सच्या दफनभूमीत मात्र थॉमस रिडेल या नावाचा, म्हणजे गोष्टीतल्या खलनायकाच्या मूळ नावाशी (टॉम रिडल) जुळणारा दगड खरोखर आहे. स्मशान आहे हे लक्षात ठेवून मुलांना हळू बोलायला सांगावं.

आता बार. कांडीने उघडणारे नळ, झगे, धुराचे चंबू हे सगळं असतं, पण दारावर हॅरी पॉटरचं नाव दिसणार नाही. हक्क वॉर्नर ब्रदर्सकडे आहेत आणि ते त्याबाबतीत कडक आहेत. २०१८ मध्ये अमेरिकेतल्या छोट्या गावांच्या जत्रांनासुद्धा त्यांनी नावं वापरू नका म्हणून कळवलं होतं. म्हणून हे बार 'कढई', 'जादू' असली मोघम नावं घेतात.

दारू अठराच्या खाली कुणालाच विकत नाहीत. मुलांना आत घ्यायचं की नाही, किती वाजेपर्यंत, हे इथे त्या त्या जागेच्या परवान्यात लिहिलेलं असतं. म्हणून बुकिंगआधी ईमेल करून लेकीचं वय कळवा आणि उत्तर लेखी घ्या. बिनदारूच्या 'काढ्यां'ची यादीही मागवा. एक गोष्ट गंभीरपणे सांगतो: धूर कोरड्या बर्फाचा असेल तर तो पूर्ण थांबेपर्यंत पेय तोंडाला लावू देऊ नका, आणि तळाचा खडा गिळायचा नाही. २०१२ मध्ये लँकेस्टरला द्रव नायट्रोजन घातलेलं पेय प्यायल्यावर एका तरुणीचं जठर काढावं लागलं होतं.

---

मांडवीवाला

एवढ्या खर्चात लेकीला बडोदा म्युझियममधला देवमाशाचा सांगाडा वर्षभर रोज दाखवता येईल. बाकी चालू द्या. येताना एक कांडी आणा, आमच्या सोसायटीच्या पाण्याच्या मोटरवर टेकवून बघतो.

---

सूरसागर

सगळ्यांचे आभार. नवऱ्याला मे पटला. बारचं आधी ईमेल करून मग ठरवू. आता फक्त चित्रपटात हॉगवर्ट्सची गाडी जाते तो पूल राहिला. जेकोबाइटची तिकिटं मिळाली नाहीत तर? आणि टेकडी चढून पूल बघणं सासूबाईंना जमणार नाही.

---

लीड्सचा_पाहुणा

मग पुलावरूनच जा. ग्लेनफिननचा तो २१ कमानींचा काँक्रीटचा पूल १८९७-९८ मध्ये बांधला, आणि त्यावरून रोजची साधी स्कॉटरेल गाडीही जाते. भाडं कमी, रूळ तोच. फोर्ट विल्यमहून मालेगकडे जाताना डाव्या खिडकीला बसा. पूल वळणावर आहे, त्यामुळे पुढचे डबे आणि कमानी एकदम दिसतात. सासूबाईंना खिडकी, लेकीला मोबाइल. धूर तेवढा मिळणार नाही. तो हवाच असेल तर जेकोबाइटची तिकिटं विक्रीला आल्याबरोबर काढा.